बाबा म्हणाले, टीम भिकार आहे

आमच्या बाबांना खोटं बोलता येत नसे, आणि हा त्यांचा गुण आहे असं मला तरुणपणी कधीच वाटलं नाही. आमटी खारट झाली की ते आईला पाहुण्यांसमोर "खारट झाली" म्हणत. वरच्या मजल्यावरची मुलगी गाणं शिकत होती, तिच्या आईनं कौतुकानं विचारलं तर म्हणाले, "सूर लागत नाही." त्या घरून आमच्याकडे येणारी खीर त्या दिवसापासून बंद झाली. सगळी हयात सरकारी ऑडिट खात्यात गेलेली. दिसेल तिथे चूक काढायची याचा त्यांना पगार मिळायचा, आणि घरी आल्यावर तेच काम ते फुकट करत.

आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. दादाचा आणि माझा जन्म बालीगंजचा. घरात मराठी, गल्लीत बंगाली, शाळेत इंग्रजी, आणि भांडण कुठल्याही भाषेत. माझी भांडणं जास्त करून खिडकीतून चालत. आमचं घर तळमजल्यावर होतं आणि पुढच्या खोलीच्या खिडकीखाली रस्त्याला लागून सिमेंटचा लांब ओटा होता. बंगालीत त्याला 'रक' म्हणतात. गल्लीतल्या पुरुषांची सगळी संध्याकाळ त्या ओट्यावर जायची. मुलींनी तिथे बसायचं नसतं. पण खिडकी आमची, गज आमचे, आणि तोंड माझं. मी गजाला धरून आतून वाद घालायची आणि कोणाची हिंमत नव्हती मला आत जा म्हणायची.

वाद एकाच विषयावर. फुटबॉल.

कलकत्त्यात मोठ्या टीम दोन-तीन. त्यांच्यासाठी लोक उपाशी राहतात, सासुरवाडीशी संबंध तोडतात. आमची टीम त्यांतली नव्हती. आमची टीम म्हणजे पहिल्या डिव्हिजनच्या तळाशी चिकटून बसलेला एक छोटा क्लब. मैदानात झाडाखाली त्यांचा तंबू होता, तोही गळका. पण त्या टीमचा लेफ्ट बॅक माझा दादा होता, म्हणून आमची गल्ली त्या टीमची.

ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या वर्षी टीम खालच्या डिव्हिजनमध्ये घसरता घसरता वाचली. मग एक खडूस म्हातारे कोच आले. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर सगळ्यांना पहाटे मैदानावर बोलावलं आणि बॉल न देता पळवलं. दादा काळोखात उठायचा आणि पहिल्या ट्रामनं जायचा. परत यायचा तेव्हा पोटऱ्यांना चिखल आणि चेहरा असा की आई विचारायची, "अरे, कोणी मारलं का तुला?" तो म्हणायचा, "नाही गं, कोचनं शिकवलं." आणि त्याच पायांनी दुपारी पुन्हा गल्लीत भिंतीवर बॉल मारत बसायचा, उजव्या पायानं, कारण कोच म्हणाले होते की तुझा उजवा पाय नुसता शोभेचा आहे.

बाबांना हे पसंत नव्हतं. त्यांची रिटायरमेंट तोंडावर आली होती. दादा बी.कॉम. होऊन बसलेला, म्हणजे बसलेला नव्हे, पळत असलेला. क्लब देत होता ते ट्रामभाड्यात आणि बुटांत जात होतं. नागपूरच्या मामांनी एका कंपनीत त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. बाबा रागावले नाहीत, ओरडले नाहीत. एके दिवशी जेवताना सरळ म्हणाले, "हे बघ, टीम चांगली असती तर मी तुला अडवलं नसतं. चांगल्या टीममध्ये खेळणारा माणूस कुठेतरी पोचतो. भिकार टीममध्ये खेळणारा फक्त म्हातारा होतो. ज्या दिवशी मी माझ्या तोंडानं म्हणेन की टीम चांगली आहे, त्या दिवशी नागपूरचा विषय बंद."

"आणि नाही म्हणालात तर?" दादानं विचारलं.

"तर सीझन संपायच्या आत नागपूर."

दादानं भाताचा घास गिळला आणि म्हणाला, "चालेल." बस्स, एवढंच. मला मात्र इतका संताप आला की मी ताटावरून उठले.

सीझन सुरू झाला. पहिल्या मॅचच्या सकाळी बाबा छत्री घेऊन ऑफिसला निघाले होते. ओट्यावर दोघं बसलेले. एक शाळेत इतिहास शिकवणारे मास्तर. जगात सगळं वाईटच होत आलंय याचे पुरावे त्यांच्याकडे तयार असत. दुसरे होमिओपॅथीचे डॉक्टर, म्हणजे स्वभावानं आशावादी. डॉक्टरांनी बाबांना हाक मारली, "मेशोमशाय, टीम केमोन?" मित्राच्या वडिलांना तिकडे मेशोमशाय म्हणतात, मावशीचे यजमान म्हणून. टीम कशी वाटते, असं विचारलं होतं. बाबा न थांबता मराठीतच म्हणाले, "भिकार!"

अर्थ कोणाला सांगावा लागला नाही. बाबांचा चेहरा पुरेसा होता.

त्या दिवशी टीम जिंकली. पुढच्या मॅचच्या सकाळी डॉक्टरांनी गंमत म्हणून पुन्हा विचारलं. बाबा पुन्हा म्हणाले, "भिकार." टीम पुन्हा जिंकली. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्या मॅचच्या वेळी बाबा तापानं अंथरुणात होते, कोणी विचारलं नाही, आणि टीम सगळ्यात तळाच्या टीमकडून हरून आली.

झालं! गल्लीचा निकाल लागला. आमच्याकडे बायका मुलांची दृष्ट काढतात ना, मीठ-मोहरी ओवाळून, तसं त्या ओट्यानं बाबांना धरलं. मॅचच्या सकाळी बाबांनी दारात यायचं, डॉक्टरांनी विचारायचं, बाबांनी "भिकार" म्हणायचं, मग सगळ्यांनी कामाला जायचं. एकदा बाबा घाईत नुसतेच "हं" म्हणून निघाले तर मास्तर त्यांच्या मागे ट्रामच्या स्टॉपपर्यंत धावले. शिकलेसवरलेले लोक! मी आईला म्हटलं, "हे सगळे वेडे झालेत." आई म्हणाली, "असू दे गं. बोलण्यानं काय जातं?"

काय जातं? दादाचं जात होतं की. तो आत बूट बांधत बसलेला असायचा आणि त्याच्या कानावर दर मॅचला, सगळ्या गल्लीसमोर, स्वतःच्या वडिलांच्या तोंडून तो शब्द पडायचा. बाहेर लोक टाळ्या वाजवायचे. हा नाडी घट्ट ओढायचा, इतकी की एकदा तुटली.

आणि टीम जिंकत होती! संध्याकाळी ओट्यावर वाद पेटायचा. मास्तर म्हणायचे, "कोणाला हरवलंत? लंगड्यांना आणि आंधळ्यांना. पावसाचा चिखल तुमच्या बाजूनं खेळतोय." डॉक्टर म्हणायचे, "जिंकलं ते जिंकलं. रोगी बरा झाला की औषध कोणतं हे विचारायचं नसतं." मी खिडकीतून म्हणायची, "मास्तर, गेल्या वर्षी गोल खाल्ला की ही पोरं एकमेकांवर ओरडायची. या वर्षी कोणी ओरडत नाही, बॉल उचलून मध्यावर ठेवतात. हा फरक चिखलानं केला का?" मास्तर म्हणायचे, "तू गप. तुझा भाऊ आहे." मी म्हणायची, "भाऊ आहे म्हणूनच मला त्याच्या चुका पाठ आहेत. तुम्हाला एक तरी सांगता येते का?" असं तासन्‌तास.

बाबा आत पेपर वाचत सगळं ऐकायचे. एकदा जेवताना मी त्यांनाच धरलं. म्हटलं, "आणखी काय करायला हवं त्यांनी? आकाशातले तारे आणू देत का?"

ते म्हणाले, "जिंकताना सगळेच चांगले दिसतात. हरताना कसे खेळतात ते बघायचं असतं."

"पण ते आता हरतच नाहीत तर तुम्ही बघणार कधी?"

"मग थांब," म्हणाले. आणि ताक मागितलं.

मला त्या वेळी हे शुद्ध हट्टाचं बोलणं वाटलं. दादाला मी म्हटलं, तू भांड त्यांच्याशी. तो म्हणाला, "तोंडानं भांडून काय होणार? मला खेळूनच त्यांच्याकडून वदवायचंय." आणि पहाटेच्या ट्रामला गेला. त्याचा उजवा पाय आता शोभेचा राहिला नव्हता.

जुलैच्या शेवटी मामांचे निरोपावर निरोप येऊ लागले. जागा रिकामी झाली होती. शनिवारपर्यंत होकाराची तार यावी, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि नेमक्या त्याच शनिवारी आमची मॅच होती. समोर मोठी टीम. जिच्यासमोर आमचा क्लब आजवर फक्त किती गोल खाल्ले हे मोजत आला होता, ती.

शुक्रवार उजाडला. मी मनाशी ठरवलं होतं, उद्या सकाळी ओट्यासमोर बाबांना सांगायचं, आज खरं बोला. टीम चांगली आहे हे त्यांनाही आता कळलेलं असणार, याबद्दल मला शंका नव्हती. पण चांगली म्हटलं आणि टीम हरली, तर गल्ली त्यांना उभं सोलणार. भिकार म्हटलं तर दादा नागपूर. बघूच काय करतात ते.

शनिवारी सकाळी बाबा घरात नव्हते.

छत्री नव्हती, चपला नव्हत्या. चहासुद्धा न घेता गेले होते. ओट्यावर गर्दी जमली होती, डॉक्टर घड्याळ बघत होते, मास्तरांचा चेहरा पडला होता. सगळे खिडकीशी आले. डॉक्टर म्हणाले, "मेशोमशाय कुठे?" मी म्हटलं, ठाऊक नाही. तेव्हा मास्तर, जे सगळा सीझन टीमला नावं ठेवत होते तेच मास्तर, हात जोडून म्हणाले, "मग तू म्हण. रक्ताचं नातं आहे, चालेल. एकदाच म्हण, भिकार."

मी म्हटलं, "मेले तरी म्हणणार नाही."

दादा माझ्या मागेच उभा होता, बुटांची जोडी गळ्यात टाकून. त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि निघून गेला.

क्लबनं घरच्यांसाठी दोन पास दिले होते. आई म्हणाली, माझ्याच्यानं बघवणार नाही. मग डॉक्टर मला घेऊन निघाले. मैदानाशी ट्राममधून उतरलो तर ही गर्दी. ज्यांना तिकीट मिळत नाही ते गॅलरीच्या कुंपणाबाहेर उभे राहून पेरिस्कोपमधून बघतात. पेरिस्कोप म्हणजे पुठ्ठ्याची लांबोळकी पेटी, वर एक तिरका आरसा, खाली एक. वरच्या आरशात मैदान, खालच्यात आपला डोळा. तिथे ती भाड्यानं मिळे. शेकडो माणसं पुठ्ठ्याच्या नळ्या वर करून ओळीनं उभी असत. त्या ओळीत मला आमची छत्री दिसली. काळी, मूठ तुटलेली, आईनं दोऱ्यानं बांधलेली.

छत्रीखाली बाबा. डोळा पेरिस्कोपला.

मी डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही आत जा. ते बाबांकडे बघत उभे राहिले, मग गेले. मी बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. पेरिस्कोपवाला कौतुकानं म्हणाला, "तुमचे वडील? एक चुकली, बाकी दर मॅचला येतात."

"दर मॅचला?" मी म्हटलं. "बाबा, ऑफिस?"

"अर्धी रजा," ते डोळा न काढता म्हणाले. "ज्याला रोज उठून भिकार म्हणायचं ते बघायला नको का? न बघता शेरा मारायची मला सवय नाही."

मॅच सुरू झाली. एक पेटी आणि आम्ही दोघं, म्हणून बाबा बघायचे आणि मला सांगायचे. आमचे बाबा, जे घरी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नसत, ते मैदानाबाहेर भर गर्दीत मराठीत ओरडत होते, "अरे दे ना, दे त्याला! डावीकडे मोकळा आहे तो! गाढवा, बघतोस काय!" आजूबाजूचे लोक हसत होते. बाबांचं लक्ष नव्हतं.

मग ते एकदम गप्प झाले. आतून मोठ्या टीमच्या लोकांची गर्जना आली.

"काय झालं?"

"गोल."

"कोणाची चूक?"

बाबांना खोटं बोलता येत नसे. म्हणाले, "तुझ्या भावाची. बॉल मागे देताना घसरला."

डोळे भरून आले आणि मला त्याचा राग आला. संपलं, म्हटलं. नागपूर. बाबांनी माझ्याकडे बघितलं, पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "रडतेस काय? बघ. आता बघायची वेळ आहे."

मी बघितलं. छोट्याशा आरशात दादा चिखलात माखलेला उभा होता. गोलकीपर त्याच्याकडे धावत आला. मला वाटलं, आता शिव्या देणार. त्यानं दादाच्या पाठीवर थाप मारली आणि बॉल दिला. दादानं बॉल मध्यावर नेऊन ठेवला. आणि मग तो हात वर करून बॉल मागायला लागला. प्रत्येक वेळी. ज्याच्यामुळे गोल झाला तो माणूस लपत नव्हता, मागत होता, आणि बाकीचे त्याला देत होते. दुसऱ्या हाफमध्ये मोठी टीम स्वतःच्या गोलपुढे गोळा होऊन बसली होती, आमच्या टीमला भिऊन! बाबा पेटी हिसकावून घ्यायचे, मी परत हिसकावायची. एकदा दादानं उजव्या पायानं मारलेला बॉल बारला लागला. तो आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला.

हरलो. एक-शून्य. शिट्टी वाजली तेव्हा पेटी बाबांकडे होती. मला आतून टाळ्या ऐकू येत होत्या, मोठ्या टीमच्या नेहमीच्या आरोळ्या नव्हेत, नुसत्या टाळ्या. बाबांनी पेटी परत केली, छत्री मिटली.

"आता तरी म्हणा," मी म्हटलं.

"घरी चल."

ट्राममध्ये मी इतकी चिडले होते की त्यांच्या शेजारची जागा रिकामी असूनही उभी राहिले. गल्लीत पोचलो तर ओट्यावरून मास्तर उसळले. "सकाळी कुठे होतात? एक शब्द! एक शब्द म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?" बाबा मान खाली घालून आत गेले.

दिवेलागणीला दादा आला. चिखल वाळला होता. तो दारातच बसला, बूट काढले नाहीत. म्हणाला, "बाबा, मामांना तार करा. येतो म्हणून. आजच शेवटचा दिवस ना?"

आईनं देवापुढचा दिवा लावता लावता हात थांबवला.

बाबा म्हणाले, "तार गेली. सकाळीच मी जाऊन केली. तू येत नाहीस असं कळवलंय."

दादाला कळेचना. "सकाळी? मॅचच्या आधी?"

"मग काय, निकाल बघून करायची? निकाल बघून कोणीही सांगेल." बाबांनी चष्मा काढून पुसला. "मला काय ते आधीच दिसलं होतं. आज फक्त हरताना बघायचं राहिलं होतं, तेही बघितलं."

दादा वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. मग मीच भडकले. म्हटलं, "एवढं सगळं केलंत, मग तोंडानं म्हणा ना एकदा! तुमचीच अट होती! टीम चांगली आहे, एवढे शब्द. काय जीभ झडते का?"

बाबांनी खिडकीकडे बघितलं. ओट्यावर मास्तर आणि डॉक्टर अजून भांडत होते. बाबांनी उठून खिडकीचं दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अजून मॅच शिल्लक आहेत."

"म्हणजे? तुम्ही मानता हे? तुम्ही?"

"छे! मी कसला मानतोय?" बाबा म्हणाले. "पण उगाच कशाला?"

आई हसायला लागली. इतकी हसली की दिव्याची वात तिच्या हातून पडली.

पुढची मॅच बुधवारी होती. सकाळी ओट्यावर सगळे हजर. अपयश आलं होतं म्हणून जास्तच. बाबा छत्री घेऊन दारात आले. आत दादा बूट पिशवीत भरत होता.

"मेशोमशाय," डॉक्टरांनी भीत भीत विचारलं, "टीम केमोन?"

बाबा थांबले. वळून त्यांनी घरात दादाकडे बघितलं. आणि त्याच्याकडे बघत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "भिकार! अगदी भिकार!"

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. दादा उठला, दारात आला आणि वाकून बाबांच्या पाया पडला.